साहेबांचे चारशे केस

माणूस ओळखायला मला त्याचा एक फोटो पुरतो. फोटो काढायच्या आधी तो काय नीट करतो, कॉलर की भांग, यावरून मी त्याची सगळी कुंडली मांडू शकतो. त्यामुळे कंपनीच्या नव्या वेबसाइटवर 'आमची माणसं' असं पान करायचं ठरलं आणि चाळीस जणांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी सकाळच्या चहालाच बायकोला सांगून टाकलं, "प्रसिद्धिप्रमुखाची जागा रिकामी आहे. ती खुर्ची आता माझीच समज."

"समजले," ती म्हणाली. "दादालाही कळवते."

"अगं थांब, अजून व्हायचंय."

तिने कळवलं होतं. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत मेव्हण्याचा अभिनंदनाचा निरोप आला. हा मेव्हणा गेली नऊ वर्षं मला 'अजून तिथेच का?' एवढा एकच प्रश्न विचारत आलाय. म्हणजे आता ती खुर्ची मिळणं भागच होतं.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. दारावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'जे आहे तेच दाखवतो'. मी बैठकीच्या खोलीतला पडदा ओढला, पांढऱ्या भिंतीपुढे एकेकाला उभं केलं आणि दोन दिवसांत चाळीस माणसं जशी आहेत तशी टिपली. मग ती संगणकावर घेऊन सुधारायला बसलो.

हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मोठं सभ्य असतं. तुम्ही कुणाचं नाक बारीक करा, कुणाचे गाल आत घ्या, ते मूळ फोटोला बोट लावत नाही. काय काय करायचंय त्याच्या सूचना शेजारी एका चिमुकल्या फायलीत लिहून ठेवतं आणि पडद्यावर फोटो दाखवताना त्या लावून दाखवतं. आत मूळ माणूस ढेरीसकट सुखरूप. शिवाय प्रत्येक फोटोला 'वर्णन' नावाची एक चौकट असते. तिच्यात हवं ते लिहावं.

पहिले आले विक्रीप्रमुख. आत येऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"तुमच्या त्या यंत्रात पोट आत घेता येतं म्हणे?"

"येतं की. श्वास रोखल्यावर जेवढं जाईल तेवढं सहज घेतो."

"अहो, श्वास रोखूनच काढलाय तो. त्याच्या पुढचं बोला."

मग मनुष्यबळवाल्या मॅडम आल्या. त्यांना स्वतःसाठी काहीच नको होतं. "खरेदी विभागातल्या बाईंचा चेहरा फार उजळ आलाय हो. खोटा वाटतो. जरा खरा करा."

"किती खरा करू?"

"माझ्याइतका."

गोदामप्रमुखांची तक्रार वेगळी. फोटोत ते हसत होते. "असा फोटो लागला तर उद्यापासून माझं कोण ऐकणार? दात मिटवा." मिटवले. 

खुद्द साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचा प्रकाश चुकलाय. डोक्यावर जरा जास्तच पडलाय."

"हो साहेब, आणि आला तसा परतही गेलाय."

साहेब हसले नाहीत. प्रकाशाची ती चूक मी चारशे केसांनी दुरुस्त केली. एकेक मोजून लावला.

आठवड्याभरात माझ्या खोलीचं दार एवढ्या वेळा आतून लागलं की शिपाई मला डॉक्टर म्हणू लागला. जो येई तो 'हे आपल्यातच राहू दे' म्हणून जाई. आता एवढ्या जणांचं एवढं काही पोटात ठेवायचं म्हणजे गोंधळ होणारच. सॉफ्टवेअरला काय केलं ते आठवतं, कुणाच्या सांगण्यावरून केलं ते नाही. आणि मी पडलो नोंद ठेवणारा माणूस. प्रत्येक फोटोच्या वर्णनाच्या चौकटीत मी दोन ओळी लिहून ठेवल्या, चाळीसपैकी एकही चौकट रिकामी सोडली नाही, फोटो तयार केले आणि वेबसाइटवाल्याकडे पाठवून दिले.

वेबसाइट सुरू झाली त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. साडेअकराला बायकोचा फोन.

"अहो, साहेबांच्या डोक्यावरचे चारशे केस तुम्ही लावलेत?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वेबसाइटने. फोटोच्या खालीच लिहिलंय. 'केस चारशे, साहेबांच्या आज्ञेवरून. मूळचे सुमारे साठ.' दादानेही वाचलं. तो विचारतोय, मोजले कसे?"

मी पान उघडलं. साहेबांखाली केस. विक्रीप्रमुखांच्या प्रसन्न चेहऱ्याखाली, 'पोट दोनदा आत घेतले. तिसऱ्यांदा घेतल्यास पाठीतून बाहेर येईल.' खरेदीच्या बाईंखाली, 'मनुष्यबळ मॅडमच्या विनंतीवरून मॅडमइतक्या सावळ्या केल्या.' सगळं टपोऱ्या अक्षरांत, शेजारी कंपनीचं बोधचिन्ह.

वेबसाइटवाल्याला फोन लावला. "अहो, हा मजकूर आला कुठून?"

"तुमच्याच फोटोंतून. वर्णन फोटोच्या पोटातच असतं ना, वेबसाइट ते आपोआप उचलते."

"पण चढवताना वाचलं नाहीत का?"

"मी वाचत नाही हो, मी चढवतो. तुम्ही ते पुसून फोटो परत पाठवा, पाच मिनिटांत बदलतो."

पाच मिनिटांत अब्रू परत मिळत असेल तर आणखी काय हवं? मी फोटोंचा फोल्डर उघडला. प्रत्येक फोटोशेजारी ती चिमुकली फाइल होतीच. एक उघडून बघतो तर तिच्यात माझी नोंद, शब्दन् शब्द! चोर सापडला. मी चाळीसच्या चाळीस फायली निवडल्या, उडवल्या आणि वर कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कुणाला मागमूस नको म्हणून. सगळे फोटो एका झटक्यात नव्याने तयार करून पाठवले. त्याने चढवले.

मी बायकोला फोन केला. "बघ आता. एक अक्षर दिसतंय का?"

"नाही हो. अक्षर नाही. पण हे साहेबांच्या जागी गुळगुळीत कोण बसलंय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या फायलींत माझ्या नोंदी होत्या त्यांतच माझ्या दुरुस्त्याही होत्या. पोटं, दात, चारशे केस, सगळं मी माझ्या हाताने कचऱ्यात घातलं होतं. सकाळी लोकांनी नोंदी वाचल्या, दुपारी मी पुरावे सादर केले.

बाहेर व्हरांड्यात पडताळणी सुरू होती. कुणीतरी सकाळचं पान छापून ठेवलं होतं. एक जण नोंद वाचे, दुसरा फोनवर फोटो मोठा करून 'बरोबर' म्हणे. मला वाटलं, गुपित फुटल्याबद्दल लोक चिडले असतील. छे. विक्रीप्रमुखांनी मला कोपऱ्यात गाठलं.

"साहेबांना चारशे आणि आम्हाला दोनदा? इथेही हुद्दा बघितलात?"

"अहो, केस आणि पोट यांची तुलना कशी करायची?"

"तिसऱ्यांदा घेऊन तर बघायचं होतं!"

पलीकडे खरेदीच्या बाई मनुष्यबळवाल्या मॅडमना विचारत होत्या, "माझा खरा चेहरा कुठला ते तुम्ही ठरवणार?" गोदामप्रमुख मात्र कुणाशी बोलत नव्हते. त्यांना बघून हमाल हसत होते आणि ते ओठ मिटून फिरत होते.

साडेतीनला साहेबांचं बोलावणं आलं. छापलेलं पान त्यांच्या पुढ्यात होतं.

"हात सफाईचा आहे तुमचा," ते म्हणाले. "ते काही नाकारत नाही मी. पण लिहून ठेवायची काय गरज होती?"

"नोंद असावी म्हणून, साहेब."

"आपण वजनकाटे विकतो. सकाळपासून तीन गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, काटेही तुम्ही सांगाल तसे लावून देता का?"

साहेब पान वाचत राहिले, आणि अगदी शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "आवक-जावक. 'काही मागितलं नाही, काही केलं नाही.' या कोण?"

या बाई तळमजल्यावर आलेल्या-गेलेल्या टपालाची नोंद करतात. बारा वर्षं शिक्का मारतायत. साहेबांनी त्यांना पाहिलेलं असण्याचं कारण नव्हतं, त्या साहेबांची पत्रं फक्त पाहत.

"चाळीस जणांत एक," साहेब म्हणाले आणि नकळत टाळूवरून हात फिरवला. "गिऱ्हाइकांसमोर असं माणूस हवं. जे आहे ते दाखवणारं."

सोमवारी बाई प्रसिद्धिप्रमुख झाल्या. मी त्यांचा साहाय्यक. त्यांची शिफारस माझ्याच शब्दांत होती, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची? बायकोने दादाला एवढंच कळवलं की यांचा विभाग मोठा झालाय.

बुधवारी मॅडमनी, म्हणजे आवक-जावकच्या बाईंनी, मला आत बोलावलं आणि उठून स्वतः दार लावलं.

"वेबसाइटवर माझा हुद्दा बदलायचाय. फोटोही नवा लागेल."

"आहे तोच ठेवू ना, मॅडम. त्याच फोटोमुळे तर तुमची..."

"एक विचारू?" त्यांनी मला मध्येच थांबवलं. "फोटोत असं मागून घेता येतं, हे तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला काय माहीत? मला वाटलं, फोटो म्हणजे फोटो."

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. अकरा कलमं होती, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकाला आवक क्रमांक घातलेला. हनुवटीपासून सुरुवात होती. माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. त्यांनी नुसतं त्या पेनाकडे बघितलं. मी ते परत खिशात घातलं. माझं वाचून झाल्यावर त्यांनी कागदाच्या चार चिंध्या करून आपल्या पर्समध्ये टाकल्या.

"राहील ना लक्षात?"

"राहील, मॅडम."

अकरापैकी नऊ आठवतायत. उरलेली दोन कुठली, हे एखाद्या बाईला तोंडावर कसं विचारायचं, ते कळेपर्यंत पान बंद ठेवलंय.