मागच्या पत्र्याखालचं बिऱ्हाड

धारवाडात सुभाष रोडवर, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, प्रभंजन लोकांची घरं सजवून देण्याचा व्यवसाय गेली सहा वर्षं सचोटीनं करत होता, आणि धंद्याची वाढ खुंटायला एवढं एक कारण पुरेसं होतं. तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "घरात माणसं किती? जेवायला खाली बसता की टेबलावर? आजींचे गुडघे दुखतात का?" लोक खरं ते सांगायचे, तो तसं घर करून द्यायचा, लोक त्यात सुखानं राहायला लागायचे आणि प्रभंजनला विसरून जायचे. पोट दुखत नसलेला माणूस वैद्याची आठवण काढत नाही, त्यातलाच प्रकार.

हे अज्ञान हुबळीच्या एका हॉटेलात भरलेल्या 'धंदा दसपट' शिबिरात दूर झालं. कोट घातलेले गुरू व्यासपीठावरून म्हणाले, "घर आवडलं तर गिऱ्हाईक एकदा येतं. घराचा धाक वाटला तर जन्मभर येतं!" कीर्तनात बुवांनी निरूपण आटपून आख्यानाला हात घालावा आणि मागं खांबाला टेकून पेंगणाऱ्यानं एकदम सावरून बसावं, तसा प्रभंजन सावरून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं वेदश्रीला बोलावलं. वेदश्री त्याच्याकडं नकाशे काढायची. रेघ सरळ आणि बोलणंही सरळ, हे तिचे दोन गुण. पहिल्यासाठी तिला पगार मिळायचा.

"वेदश्री, यापुढं आपण गिऱ्हाइकाला किल्ली द्यायची नाही. हस्तांतरण करायचं."

"म्हणजे किल्ली द्यायची नाही?"

"द्यायची. पण पुस्तिकेबरोबर."

अठ्ठेचाळीस पानांची 'निवास-वर्तन पुस्तिका' तयार झाली. कलम ४: भिंतीस पाठ टेकणे, डोके टेकणे अथवा ओला हात लावणे हे रंगाच्या पोतास बाधक आहे. कलम ९: मोहरी तडतडण्याचा परीघ दीड फूट असल्याने फोडणीचा निर्णय कुटुंबाने एकमताने व स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा. कलम १७: खिडकी उघडल्यास धूळ आत येते, ही सूचना नसून निरीक्षण आहे. कलम २६: हॉलमध्ये एकावेळी सहापेक्षा अधिक व्यक्ती मांडी घालून बसल्यास तो 'समूहभार' समजण्यात येईल.

पुस्तिका मिळालेलं पहिलं घर मळमड्डीतल्या सुमंत सरांचं. सर निवृत्त मुख्याध्यापक. छापील कागदावर जे असेल ते खरं, या श्रद्धेवर त्यांनी तेहतीस वर्षं शाळा चालवली होती. पुस्तिका त्यांनी तीनदा वाचली आणि महत्त्वाच्या वाक्यांखाली लाल शाईनं रेघा ओढल्या. म्हणजे सगळ्याच. त्यांच्या पत्नी हेमावतीअक्कांची मागणी मात्र एकच होती. रामनवमीला आपल्या हॉलमध्ये कीर्तन व्हावं आणि चाळीस माणसं ऐसपैस बसावीत.

"बसतील की अक्का," असं प्रभंजन म्हणाला होता. पण ते शिबिराच्या आधी.

काम चालू असताना चार महिने हे दांपत्य घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं. तिथं एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला बंब आणि मध्ये जुनी गॅसची शेगडी. काम पुरं झालं, मुहूर्त निघाला, आणि गृहप्रवेशाच्या सकाळी अक्कांनी नव्या ओट्यावर दुधाचं पातेलं ठेवलं. प्रभंजनचा चेहरा पडला. ओट्यातली शेगडी काळ्या काचेची होती. त्या काचेत चेहरा दिसायचा. त्यात त्याला आत्ता स्वतःचा पडलेला दिसला.

"अक्का, हे दूध तापवायचंय ना फक्त?"

"तापवायचं काय! उतू घालवायचं. पूर्वेकडं."

"मुद्दाम?"

"नाहीतर काय चुकून? दूध उतू गेलं की घरात लक्ष्मी येते."

"लक्ष्मी येऊ दे हो. पण दुधाचा डाग काचेत बसला की जात नाही."

अक्कांनी सरांकडं बघितलं. सरांनी पुस्तिकेकडं बघितलं. मोहरीविषयी सविस्तर लिहिलेलं होतं, दुधाविषयी अवाक्षर नव्हतं. नियम नसलेल्या जागी उभं राहायची सरांना सवय नव्हती. त्यांनी घाईघाईनं निर्णय दिला, "मागं पत्र्याखाली आपली शेगडी आहे की. तिथं उतू घालवू."

दूध पत्र्याखाली झकास उतू गेलं. पूजा सांगायला आलेल्या आचार्यांनी घंटा वाजवली, अक्षता टाकल्या आणि जाहीर केलं, "झाला गृहप्रवेश!"

"कुठल्या गृहाचा?" वेदश्रीनं विचारलं.

"जिथं दूध उतू गेलं त्या. शास्त्र काही मार्बल बघत नाही."

"मग पुढचं?"

आचार्यांनी पुढच्या घराकडं कौतुकानं पाहिलं. "ती इमारत आहे. फार छान आहे."

प्रवेश जिथं झाला तिथं तीन रात्री तरी काढाव्यात, म्हणून सर-अक्कांनी तिथंच मुक्काम केला. तीनच्या तेरा झाल्या. देव पत्र्याखाली मांडले गेले, पाठोपाठ मसाल्याचा डबा आला, मग सरांची आरामखुर्ची आली. पुढचं घर जसंच्या तसं राहिलं. एक उशी तिरकी नाही की एक नळ ओला नाही. प्रभंजननं फोटो काढून मोबाईलवर टाकले आणि हुबळी-धारवाड दोन्ही शहरांतून माणसं बघायला येऊ लागली. सर त्यांना हातात पट्टी घेऊन घर दाखवायचे.

"ही अभ्यासिका."

"हे शयनगृह, अहो," अक्का मागून म्हणायच्या.

"काय सुंदर! झोप छान लागत असेल."

"माहीत नाही. आम्ही मागं झोपतो."

यात कुणालाही काही चमत्कारिक वाटलं नाही. उलट येणारा प्रत्येक जण जाताना म्हणायचा, "घर ठेवावं तर असं!" आणि सुभाष रोडचा जिना चढायचा.

दिवाळीच्या आत प्रभंजनची अकरा घरं झाली. सगळीकडं तोच अनुभव. एक डॉक्टर गच्चीवरच्या खोलीत सरकले. एक कुटुंब जिन्याखाली स्थिरावलं. दाजीबानपेठेतल्या एका वकिलांनी आपलं ऑफिस राहायला घेतलं आणि अशिलांना फुटपाथवर भेटू लागले. प्रभंजननं वहीत गंभीरपणे नोंद केली, 'ग्राहक मागे सरकतो.' या निरीक्षणावरून त्यानं दुसरी योजना काढली: ग्राहक जिथं सरकला असेल ती जागा सजवून द्यायची. वकिलांचं ऑफिस त्यानं असं सजवलं की पुस्तिका हातात पडताच वकील आणखी मागं सरकले, ते थेट भावाच्या घरी.

"सर," वेदश्री म्हणाली, "अजून दोन योजना काढल्यात की ही माणसं गाव सोडून पार अळणावरला पोचतील."

"यालाच वाढ म्हणतात," प्रभंजन म्हणाला.

वाढीला जागा लागते. हुबळीत गोकुळ रोडवर त्यानं कारखान्याची शेड घेतली, बारा सुतार ठेवले, आणि मग त्यांच्या हातांना पुरेल एवढं काम राहिना. लोकांना मागं सरकायला किती झालं तरी मर्यादा असते. पुढच्या महिन्यात बाराच्या बारा सुतारांना घरी पाठवायची पाळी येणार, हे दिसू लागलं. सुतार चांगले होते. सात वर्षांपूर्वी त्यांतल्या दोघांच्या भरवशावर प्रभंजननं दुकान थाटलं होतं.

अशा वेळी हुबळीचे बिल्डर संजीवअण्णा भेटले. गोकुळ रोडच्या टोकाला त्यांच्या चौसष्ट फ्लॅटांची इमारत उभी राहत होती आणि आतली सजावट एकाच हाती द्यायची होती.

"फोटो नको दाखवू," अण्णा म्हणाले. "फोटोत माझी सासूसुद्धा हसते. माणसं राहतात असं एक घर दाखव. रामनवमीला धारवाडात आहे, अकराला येतो. आवडलं तर चौसष्ट तुझे, नाहीतर मंगळुरूची पार्टी बसलीये."

माणसं राहतात असं घर! प्रभंजननं यादी वर-खाली पाहिली. अकरापैकी एकाही घरात माणूस नव्हता. शेवटी तो मळमड्डीला गेला. सर पत्र्याखाली पेपर वाचत होते.

"सर, एक विनंती होती. रामनवमीला तुमच्या घरात राहायला याल का?"

सर दचकले. "आम्ही? आमच्या घरात?"

"दोघंही. अकरा ते बारा."

"काही बिघडलं तर?"

"जबाबदारी माझी. लिहून देतो."

अक्का फुलं निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "प्रभंजन, तू माझ्या कीर्तनाला समूहभार म्हणालास. मी काही बोलले नाही. यंदा कीर्तन इथंच पत्र्याखाली ठेवलंय. अकराला बुवा उभे राहतील आणि बाराला पाळणा हलेल. आणि तू मला अकरा ते बारा तिकडं बसवणार?"

"अक्का, बारा सुतारांचा प्रश्न आहे हो."

अक्कांनी हातातलं फूल परडीत ठेवलं. "बारा माणसांच्या चुली म्हणजे काय थोडं झालं? येते. पण बाराच्या आत सोड मला. राम काय तुझ्या अण्णासाठी थांबणार नाही."

रामनवमीला अकराला दहा मिनिटं असताना सर आणि अक्का आपल्या घराच्या दारात आले. चपला फाटकाबाहेर काढल्या, बेल वाजवली आणि वेदश्रीनं "या" म्हटल्यावर आत आले. सोफ्याच्या काठावर दोघं अशी बसली, जणू मुलगी बघायला आलेत आणि मुलगी फार शिकलेली आहे.

संजीवअण्णा आले. त्यांनी मार्बल बघितला, छत बघितलं, नळ उघडून बघितला.

"छान! किती वर्षं राहताय, सर?"

सरांनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं झाली."

प्रभंजन खोकला. "सर फार विनोदी आहेत."

"चहा घेणार?" अक्कांनी अण्णांना विचारलं खरं, पण लगेच वेदश्रीकडं वळून हळूच म्हणाल्या, "स्वयंपाकघर कुठल्या बाजूला गं?"

अण्णांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात मागून टाळ वाजले, पेटीचा सूर उठला आणि बुवांचा आवाज भिंत ओलांडून आत आला. अक्कांचा पाय आपसूक ताल धरू लागला. त्यांनी तो पुस्तिकेच्या धाकानं थांबवला, पुन्हा तो हलू लागला. बाराला सात मिनिटं असताना त्या उठल्या.

"माफ करा हं अण्णा. आम्हाला घरी जायला हवं."

"घरी?" अण्णा म्हणाले. "मग हे कुणाचं?"

"हेही आमचंच. पण राम मागं जन्मतोय."

त्या मागच्या दारानं गेल्या, पाठोपाठ सर गेले, आणि सरांच्या पाठोपाठ संजीवअण्णाही गेले. प्रभंजननं मनातल्या मनात बारा सुतारांना निरोप दिला आणि तोही गेला.

पत्र्याखाली साठ माणसं होती. स्कूटरच्या सीटवर दोन पोरं, बंबाला टेकून एक आजोबा. घामानं निथळणारे बुवा अयोध्येच्या अंगणात पोचले होते. बरोबर बाराला फुलं उधळली, पाळणा हलला, अक्कांनी दोरी धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. कुणीतरी संजीवअण्णांच्या हातात गुळाच्या पानकाचा पेला आणि भिजवलेल्या डाळीच्या कोसंबरीचा द्रोण दिला. ते कधी मांडी घालून बसले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शेजारी प्रभंजन बसला होता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं भिंतीला पाठ टेकली होती. धंदा बुडाला, असं वाटत असतानाही ती पाठ सुखावली होती, ही गोष्ट त्यानं कुठल्याच वहीत नोंदवली नाही.

कीर्तन संपल्यावर अण्णांनी तोंड पुसलं. "म्हणजे पुढं कुणी राहत नाही."

"नाही," प्रभंजन म्हणाला. आता खोटं बोलून उपयोग नव्हता.

"किती दिवस?"

"वर्ष होईल."

"नळाची तक्रार?"

"नाही."

"ओल? गळती? फरशी हलते? दार अडकतं?"

"नाही. कुणी वापरतच नाही की, अण्णा."

संजीवअण्णांनी त्याला मिठी मारली. "अरे, तीस वर्षं मी इमारती बांधायलोय! सगळा त्रास कशाचा, माहीत आहे? लोक राहायला येतात याचा! किल्ली दिली की तिसऱ्या दिवशी फोन. तू तर मूळच कापलंस. आयितु, ठरलं! चौसष्ट फ्लॅट वर, खाली पार्किंगमध्ये चौसष्ट पत्र्याच्या खोल्या."

"आणि गाड्या?"

"आत्ता कुठं असतात? रस्त्यावर. तिथंच."

सुतार वाचले. अण्णांना एकच शंका राहिली, ती त्यांनी प्रभंजनच्या गोकुळ रोडवरच्या शेडमध्ये बोलून दाखवली. असले फ्लॅट घेणारी माणसं ओळखायची कशी? सगळेच काही सुमंत सर नसतात.

"एक प्रश्न विचारा," वेदश्री म्हणाली. "घरात जपून ठेवलेला कपबशांचा सेट आहे का? 'हो' म्हणाले की नाव लिहून घ्या."

प्रभंजनला हे फारच ढोबळ वाटलं. पण अर्ज छापला. पहिल्या रविवारी रांग गोकुळ रोडच्या वळणापर्यंत गेली. प्रोफेसर आले, बँकेतले आले, इंटिरियरवाल्यांच्या नावानं बोटं मोडणारेही आले. 'हो' न लिहिणारा एकही भेटला नाही. काहींनी समासात खुलासा केला होता: सेट पाहुण्यांसाठी आहे. आणि पाहुणे आले की? त्याचाही खुलासा होता: आले ते घरचेच होते.

त्रेसष्ट फ्लॅट गेले. एक राहिलाय. तुम्ही मघापासून सुमंत सरांना हसताय, हसा. हातातला तो कान तुटलेला कप खाली ठेवा, उठा आणि आतल्या कपाटातला तो सोनेरी कडेचा सेट एकदा मोजून या.

काढू नका मात्र. फुटेल.