टोपीतल्या आठ चिठ्ठ्यांची हकीकत

श्री. घरोघरीचे दिवे राखणारा जो देव, त्यास नमन करून हा मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी, सोमवार, ते दिवशी सातासमुद्रापलीकडे अमेरिका मुलखी नाताळचा सण होता. तेथे बर्फाचे प्रांती एक संस्थान. दोन मजले, एक अंगण, दारी मोटारी, इतकाच विस्तार. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. राज्य विल्मा आईसाहेबांचे, आणि कारभार थोरले चिरंजीव ग्लेन राजे पाहत. धाकटे लायल राजे मागील फाल्गुनात निसरड्या रस्त्यावर मोटार उलटोन वारले. वय अवघे चौतीस. त्यांचे कुटुंब नोरीनबाई. पोटी मूल नाही, माहेरीही कोणी उरले नाही, म्हणोन सासरच्या घरासच आपले म्हणत होत्या.

त्या घरचा रिवाज ऐसा की, सर्वांनी सर्वांस नजराणे द्यावे तर ओझे फार, याकरिता नाताळाआधी महिनाभर, टर्की पक्ष्याची मेजवानी असते ते दिवशी, वडिलांचे जुने टोपीत माणसागणिक एक चिठ्ठी घालावी, आणि प्रत्येकाने एक उचलावी, आणि जे नाव निघेल त्यासच नजराणा करावा, आणि कोणाचे नाव निघाले हे नाताळापावेतो कोणास सांगू नये. चिठ्ठ्या परलोकवासी वडिलांचे हातच्या, डब्यात जपलेल्या. घरची माणसे नऊ होती ती आठ जाहली, तेव्हा लायल राजांची चिठ्ठी काढणे प्राप्त. ते काम ग्लेन राजांवर आले. राजांनी डबा मेजावर उपडा केला, आणि एकेक घडी उघडिता भावाचे नाव दिसले, आणि डोळे भरोन आले, आणि घडी मिटून बाजूस ठेविली, इतक्यात मेजवानीस हाक आली, मग राजांनी घाईने बाजूची म्हणोन एक घडी उचलिली, आणि ते नाव पुन्हा पाहवेना म्हणोन न उघडताच शेगडीत टाकिली. कारभाऱ्याने कागद जाळण्यापूर्वी वाचावा, इतके तर कोणासही कळते. राजांनी वाचिला नाही. जळाली ती नोरीनबाईंची चिठ्ठी.

मग टोपी फिरली, आणि लायल राजांची चिठ्ठी नेमकी आईसाहेबांचे हाती आली. आईसाहेबांस वाटले, थोरल्याने माझे मन राखावयास ही मुद्दाम ठेविली. रिवाज मोडू नये म्हणोन कोणापाशी बोलल्या नाहीत, आणि महिनाभर खिडकीशी बसोन गेलेल्या लेकाचे मापाचा निळा स्वेटर विणीत राहिल्या. त्या महिन्यात त्यांस जेवण जाऊ लागले, झोप येऊ लागली. ग्लेन राजांनी ते पाहिले आणि बरे मानिले. कारण पुसले नाही.

नाताळचे सकाळी दिवाणखान्यात पाइनचे झाड उभे केले होते. तोडून आणिलेले, उभ्याउभ्या वाळणारे, आणि वर दिव्यांच्या माळा. धाकट्या सुनेने लाल टोपी घालून नावे वाचावी आणि नजराणे वाटावे, ऐसी चाल. नोरीनबाई प्रथम नको म्हणाल्या, मग आईसाहेबांचे शब्दाखातर उठल्या. एकाने उघडावे आणि बाकीच्यांनी पाहत बसावे, आणि आवडो न आवडो, फार आवडले म्हणावे. मोजे निघाले, अत्तर निघाले, कॉफीचे यंत्र निघाले. बाईंनी स्वतःकरिता काही शोधिले नाही, आपले शेवटी येईल ऐसे धरून चालल्या. मग शेवटचे पुडके उचलिले, आणि वरचे नाव सवयीने मोठ्याने वाचिले. लायल.

 आईसाहेबांनी ते पुडके आपले मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "माझ्या वाटणीस आला तो. ग्लेन, तू त्याची चिठ्ठी राहू दिलीस. एवढं मोठं मला कोणीच काही दिलं नव्हतं."

 शेगडीत काय गेले ते ग्लेन राजांस त्याच क्षणी उमगले. नोरीनबाईंनी झाडाखाली पाहिले, तेथे वाळल्या काड्यांवाचून काही नव्हते. हळूच विचारिले, "मग माझी चिठ्ठी?"

सर्वांनी राजांकडे पाहिले. चूक जाहली, इतुके बोलते तर बाई राहत्या. परंतु चूक सांगावी तर मी लायलचीच जाळीत होतो हेही सांगणे आले, आणि आईसाहेब तर पुडके मांडीवर घेऊन बसलेल्या. राजे म्हणाले, राहिली असेल कोठे.

"नऊ होत्या, एक काढायची होती," नोरीनबाई म्हणाल्या. "त्याला ठेवलंत आणि मला काढलंत. आधी कळवलं असतंत तर मी आले नसते."

मग टोपी उतरोन खुर्चीवर ठेविली, कोट घातला आणि निघाल्या. आईसाहेबांनी जेवून जा म्हटले, तेव्हा वाकोन त्यांचे कपाळाचा मुका घेतला, परंतु थांबल्या नाहीत. राजे मागोमाग दारापावेतो गेले. बाई अंगणात मोटारीचे काचेवरील बर्फ हातानेच खरवडीत होत्या, त्यास बराच वेळ लागला. हाक सहज पोहोचती. आतून आईसाहेबांनी पुसले, तेथे काय करतोस. राजे म्हणाले, थंडी आत येते, आणि दार लाविले.

सारांश, चिठ्ठी जळाली ती दुःखाचे भरात, तीस क्षमा आहे. दार लाविले ते शुद्धीवर असोन. नोरीनबाई उपरांत त्या घरी आल्या नाहीत, आणि त्यांस कोणी बोलाविलेही नाही. मजकूर जाहला तैसा लिहिला असे.