सामंतांचा थर्मास

आमच्या शेजारचे सामंत भर मे महिन्यात थर्मासला स्वेटर घालतात. स्वतः घामाघूम, थर्मास लोकरीत.

वर्तकनगरला आमच्या मजल्यावर ते नवे आले तेव्हा मला वाटलं, चहाबाज दिसतात. सोसायटीच्या मीटिंगच्या चहाच्या यादीतून मी त्यांचं नाव काढून टाकलं, स्वतःचा आणतील. नंतर कळलं, आत डुकरिणींची अंडाशयं असतात.

सामंत ती पहाटे कल्याणपलीकडच्या कत्तलखान्यातून आणतात, घरी येऊन कपडे बदलतात आणि ठाण्यातल्या लॅबमध्ये जातात. "त्यातली अंडी काढायची, पिकवायची, फलित करायची, गर्भ वाढवायचा," असं ते आंब्याची अढी लावल्यासारखं सांगतात. "फक्त गार पडायला नको."

हे वाक्य ते कशालाही लावतात. वरण, इस्त्री, दोन घरांमधलं भांडण. मनगट लावून त्यांना ऊब अचूक कळते, त्यामुळे बिल्डिंगमधल्या बाळंतिणी आंघोळीचं पाणी त्यांना दाखवतात.

अंड्यांना ते 'मंडळी' म्हणतात.

"मंडळी काय म्हणतायत?" मी विचारते.

"पिकली, वहिनी. पण दार वेळेवर लावत नाहीत. एक शुक्रजंतू आत आला की बंद करायचं, तर ही अख्खी वरात आत घेतात. मग गर्भ बिघडतो."

"आमच्या वन्संचं तसंच," सासूबाई आतून म्हणाल्या. "कुणाला नाही म्हणता येत नाही."

सामंतांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. चहा दिला तर कप घेऊन ते स्वतःच्या घरी जातात आणि धुऊन परत आणतात. बसा म्हटलं की म्हणतात, "मंडळी वाट बघतायत."

यंदा लॅबच्या साहेबांनी बजावलं होतं: या खेपेला चांगले गर्भ झाले नाहीत, तर प्रयोग बंद आणि सामंत फायलींच्या टेबलावर.

त्याच खेपेला त्यांचा पाय जिन्यात घसरला. ते बचावले, थर्मासची आतली काच गेली. अंडाशयांची बंद पिशवी छातीशी धरून ते आमच्या दारात उभे राहिले.

"वहिनी, कोमट पाणी. लवकर."

सासूबाई कांदासुद्धा खात नाहीत. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"कशाचं आहे?"

"डुकरिणीचं, काकू."

सासूबाईंनी पदर खोचला. मग त्या मला म्हणाल्या, "बघत काय बसलीस? गॅस लाव. नातवाची दुपटी वरच्या कप्प्यात आहेत."

सामंतांनी मनगट लावून पाणी जमवलं. पिशवी डब्यात बुडवली, डबा दुपट्यात गुंडाळला. सासूबाईंनी वरून आपली शाल घातली आणि मी रिक्षा आणली.

आठवडाभराने सामंत आले. शाल, दुपटं, दोन्ही धुऊन इस्त्री केलेलं.

"झाले?" सासूबाईंनी विचारलं.

"झाले, काकू. सगळे नाहीत, पण छान झाले. साहेबांनी स्वतः मायक्रोस्कोपमधून पाहिले. काम चालू राहणार." ते दुपट्याची घडी उगाच नीट करत राहिले. "एकेकटा ठेवला तर धड वाढत नाही हो गर्भ. पोषक द्रवाच्या एका थेंबात चार-पाच लागतात."

मी चहा दिला. सवयीने ते कप घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

"इथेच बसून प्यायलो तर चालेल?"

सासूबाईंनी सोफ्यावरचं वर्तमानपत्र उचललं.

"बसा," त्या म्हणाल्या. "गार पडायला नको."