नवव्या गाण्यातला श्वास

शाहीनच्या पहिल्या अल्बमचं नाव 'थेट तोंडावर' होतं आणि तो गुरुवारी प्रकाशित व्हायचा होता. अलेक्झांड्रियाच्या बहरी वस्तीत सगळे त्याला 'लिसान', म्हणजे जीभ, या नावानं ओळखत. निदान त्याचं तसं म्हणणं होतं.

गीतकार, रॅपर, ध्वनिमुद्रक आणि निर्माता, सगळं तो एकटाच. स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट, आत आईच्या रजया टांगलेल्या. अकरा गाण्यांत त्यानं तुंबलेल्या गटारांपासून मंत्र्यांच्या पोटांपर्यंत कुणालाच सोडलं नव्हतं. 'मी कोणाला घाबरत नाही' ही ओळ एकूण चौदा वेळा येत होती. त्यातल्या दोन वेळा आई जेवायला हाक मारत होती, म्हणून ती पुन्हा घ्यावी लागली.

सगळ्यात झकास गाणं नववं. त्यात भिंतीपलीकडून आईचा श्वास आला होता. मुलुखियाच्या, म्हणजे पातळ पालेभाजीच्या, पातेल्यात लसूण-धण्याची फोडणी ओतताना बाईनं 'हाऽऽ' करून जोरात श्वास आत ओढला नाही, तर भाजीला चव येत नाही, हे सगळं शहर जाणतं. शाहीननं तो 'हाऽऽ' कापून दर चौथ्या ठोक्यावर बसवला आणि गाण्यात एकदम जीव आला.

सोमवारी परवाना कचेरीत बहगतसाहेबांनी कानाला यंत्र लावून अकराही गाणी ऐकली. गटारांबद्दल, मंत्र्यांबद्दल त्यांची काही हरकत नव्हती.

"नवव्यात कुणीतरी श्वास घेतंय."

"मीच की, साहेब."

"तुझा ऐकलाय मी, धापा टाकतोस. हा बाईचा आहे. नियम चौदा. ऐकू येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव मुखपृष्ठावर, आणि तीन दिवस आपल्या फलकावर."

"यंत्राचा आवाज आहे तो."

"मग यंत्राच्या आयातीचा दाखला आण."

"खरं सांगू? मांजर."

"बाळा, तीस वर्षं मुलुखिया खातोय मी."

शाहीननं मान खाली घातली. "आई आहे," तो पुटपुटला.

बहगतसाहेबांनी उठून खिडकी लावली. चष्मा पुसला. "अल्ला तिला उदंड आयुष्य देवो," ते हळूच म्हणाले, "नाव?"

कोणाला न घाबरणारी जीभ टाळ्याला चिकटली. आईचं नाव परक्यांच्या कानी पडणं म्हणजे त्यांच्याकडे घराची बेअब्रू. सहावीत कुणीतरी त्याच्या आईचं नाव शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं; शाहीननं दोन दात गमावले आणि शाळा बदलली.

"चिठ्ठीवर लिहून देतो. तुम्ही वाचू नका."

"वाचल्याशिवाय शिक्का मारता येत नाही."

"तुमच्यावर वेळ आली असती, तर तुमच्या आईचं..."

"ए! माझ्या आईचं नाव काढायचं नाही!"

दोघेही ओशाळले. मग साहेबांनी तोडगा सुचवला, श्वास काढून टाक. शाहीननं घरी जाऊन काढून पाहिला. उरला तो कपाटात कोंडलेला एक माणूस, आत बसून आरडाओरडा करणारा. त्यानं श्वास पुन्हा जागेवर ठेवला.

बुधवारी तो कचेरीच्या बाकावर हताश बसला असताना आई डबा घेऊन आली. सकाळी तो उपाशीच निघाला होता. काय अडलंय ते तिनं ऐकून घेतलं.

"एवढंच होय?" ती म्हणाली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. खणखणीत, वडिलांच्या, आजोबांच्या नावासकट.

चहावाला खोकला. रांगेतल्या पुरुषांनी फरशीवर काहीतरी शोधायला सुरुवात केली.

"हळू, ताई, हळू!" बहगतसाहेब कळवळले.

"का? चोरीचं आहे का? गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरनं याच नावानं पुकारलं होतं. दुखत होतं, तरी बरं वाटलं. लिही रे बाळा, मुखपृष्ठावर येऊ दे."

शाहीननं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी शाहीनकडे. नियम चौदाला एक पोटनियम निघाला: सर्वपरिचित नाव चालेल. फलकावर लागलं, 'उम्म शाहीन'. म्हणजे शाहीनची आई. मुखपृष्ठावरही तेच छापलं गेलं.

गुरुवारी लोकांनी त्याच्या धाडसाचं तोंडभरून कौतुक केलं. स्टेजवरून तो ओरडला, "आणि हा श्वास, माझ्या आईचा!" प्रचंड टाळ्या. शेवटच्या रांगेत आई उभी राहून काहीतरी सांगत होती. टाळ्यांत ऐकू आलं नाही.

शुक्रवारी तिनं मुलुखिया केला. फोडणी ओतली, तोंड मिटून.

"आई, श्वास?"

"परवाना संपला."

तो बेचव घास शाहीननं निमूट गिळला.

आता वाचकांना शाहीनचं हसू येणं साहजिक आहे. फक्त एवढंच, की तिनं भर कचेरीत नाव सांगितलं, तेव्हा ते काय होतं, असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? विचारलं नसेल, तरी हरकत नाही. पोटनियम आपल्यालाही लागू आहे.