कोकरे सर खाली बसले

या, असं जवळ सरका. दारात उभं राहून पाहुण्यासारखं काय बोलता? नगर रोडनं भुर्रकन पुढं जाता, कारेगाव आलं की गाडीची काच वर करता, धूळ येते म्हणून. धूळ येते तिथं माणसंही राहतात, बरं का. मी राहते. खानावळ चालवते. रांजणगावच्या कंपन्या उभ्या राहायला लागल्या तेव्हापासून पोरांना जेवू घालते आहे. आता आलाच आहात तर कोकरे सरांचं ऐकूनच जा.

कोकरे सर खानावळीच्या दारात आले की आधी चपला काढत. मग चौकटीवर टाळी मारून मोठ्यानं म्हणत, "भीती बाहेर!" सगळी पोरं ताटातून मान वर करून बघायची. मग सर एक पाय आत टाकत आणि हळूच विचारत, "ताई, मांजर आत हाय का?"

मांजराला भिणारा हा माणूस कंपन्यांना धाडस शिकवायचा. चेष्टा नाही, धंदाच होता त्यांचा. कार्डावर छापलं होतं: निवृत्ती कोकरे, धाडस प्रशिक्षक. खाली लिहिलं होतं, 'आपल्या कंपनीत आणि ब्रँडमध्ये धाडस निर्माण करून मिळेल.' जसं काही पीठ दळून मिळेल.

मूळचे न्हावऱ्याकडचे. घरी मेंढरं. थोरला भाऊ आप्पा मेंढरामागं राहिला आणि निवृत्तीभाऊ शिकून पिंपरीला कंपनीत सुपरवायझर झाले. मग त्या कंपनीनं माणसं कमी केली. हातात व्हीआरएसचं पाकीट आणि डोक्यात पुण्याच्या हॉटेलात ऐकलेलं एक व्याख्यान, एवढं घेऊन परत आले. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. कारेगावात खोली घेतली, टाय घेतला, प्लास्टिकच्या कागदावर लिहून भिंतीवर उजेड पाडायचं यंत्र घेतलं. "ताई," मला म्हणाले, "हितं समद्यांकडं मशिनरी हाय. छाती कुणाकडंच न्हाई."

त्यांचं पहिलं तत्त्व असं, की समोरच्याला कडू सत्य तोंडावर सांगावं. मी म्हटलं, बरं, मग माझ्या आमटीचं सांगा. आमटी त्या दिवशी खारट झाली होती, मलाही कळत होतं. सरांनी घास गिळला, पाणी प्यायले, परत प्यायले. म्हणाले, "ताई, आज मीठ जरा आत्मविश्वासानं पडलंय."

तर अशा या माणसाला एक कंपनी मिळाली. जनावरांचं खाद्य बनवायची. नाव नाही सांगत, मालक म्हणजे शेठ. शेठ माणूस वाईट नव्हता, पण आवाज असा की नुसतं 'चहा आणा' म्हटलं तरी दोघा-तिघांना आपली नोकरी गेली असं वाटायचं. शेठना कुणीतरी सांगितलं, मोठ्या कंपन्यांत 'कल्चर' असतं. मग आपल्याकडं का नाही? सरांना बोलावणं आलं. एवढी एकच कंपनी त्यांच्या हाताशी होती, तीच त्यांचं ताट आणि तीच त्यांची इभ्रत.

सरांनी आधी ब्रँडला हात घातला. पोत्यावर पूर्वी गाय होती, साधी, गळ्यात घुंगरू. सर म्हणाले, "शेठ, गाईत धाडस कुठाय?" झालं. गाय गेली आणि पोत्यावर वाघ आला. जबडा उघडलेला, पिवळाधम्मक. नावही बदललं, 'ढाण्या पशुखाद्य'. महिन्याभरात राहू गावाहून एक बाई एसटीनं कंपनीच्या गेटवर आली. म्हणाली, "त्ये वाघाचं पोतं गोठ्यात नेलं की माझी म्हैस पान्हा चोरती. मी पोतं उलटं करून ठिवते. पर तुमी असं का केलं, येवढं सांगा." गेटवरच्या साहेबांनी तिला चहा पाजला आणि शेठना कळवलं, की राहूत ब्रँडचा चांगलाच प्रभाव पडला आहे.

मग आला कडू सोमवार. दर सोमवारी सगळ्यांनी शेडमध्ये जमायचं आणि एकेकानं शेठना एक कडू सत्य सांगायचं. पहिल्या सोमवारी जो तो शेजारच्याला कोपरानं पुढं ढकलत होता. शेवटी अकाउंटवाले साहेब उठले. म्हणाले, "शेठ, राग मानू नका. तुम्ही फार काम करता. तब्येतीकडं अजिबात लक्ष देत नाही. हे चूक आहे." टाळ्या पडल्या. शेठचे डोळे पाणावले. पुढच्या सोमवारी सगळ्यांना तेच सत्य सापडलं.

त्यानंतर टी-शर्ट निघाले, पाठीवर 'मी घाबरत नाही' असं लिहिलेले. पण ते फक्त शनिवारी घालायचे आणि त्यालाही खात्याच्या साहेबांची सही लागायची. गेटवरचा बिहारचा वॉचमन माझ्याकडं जेवायचा. तो एकदा म्हणाला, "मौसी, ये लिखके क्यूँ दिया है? भूल न जाएँ इसलिए?"

हे सगळं मी सरांना ऐकवायची. सर हसायचे आणि म्हणायचे, "व्हईल, ताई. भीती जुनी हाय. भाडेकरू जुना असला की खोली लवकर खाली करत न्हाई."

आता मुख्य गोष्ट. सरांच्या डोक्यात आलं, सगळ्या साहेबांना एक दिवस रानात न्यायचं. आप्पांची मेंढरं त्या वेळी न्हावऱ्याला एका शेतात बसवली होती. आमच्याकडं शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीखताला. माद्या गाभण होत्या, आप्पा जिवापाड जपत होते. सरांचं म्हणणं, मेंढी कळपामागं जाते, माणसानं आपली वाट आपण काढावी, हे साहेबांना समोर दाखवायचं. जेवणाचं काम माझ्याकडं आलं. मी पिठलं, भाकरी, ठेचा घेऊन टेम्पोनं गेले, म्हणून हे सांगोवांगी नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे.

कंपनीची बस आली. सगळे पिवळ्या टी-शर्टात, पिकलेले आंबे उतरावेत तसे उतरले. सर बोलायला लागले, "मित्रांनो, आता परत्येकानं आपापली वाट..." तेवढ्यात शेठ उठून बांधावरच्या बाभळीकडं चालायला लागले. त्यांच्यामागं अकाउंटवाले, त्यांच्यामागं सेल्सवाले, त्यांच्यामागं सगळे, एका ओळीत. शेठ बाभळीपाशी थांबले, मागं वळले आणि ओरडले, "अरे, लघवीला तरी एकट्याला जाऊ द्या!"

आप्पा काठीवर हनुवटी टेकून बघत होते. मला म्हणाले, "आमच्या मेंढरांस्नी तरी कुत्रं लागतंय."

इथवर हसण्यासारखंच होतं. मग कंपनीच्या टेम्पोतून पोती उतरली. शेठना कल्पना सुचली होती, की आपलं ढाण्या खाद्य मेंढरांना आपल्या हातानं घालायचं आणि फोटो काढून जाहिरातीत द्यायचा. फोटोवाला तयार. खाद्य ओतायला काटवटी मांडल्या. पोत्यांची चळत लागली. शेठच्या हातात कात्री दिली.

त्या कंपनीची एक रीत होती. जो माल भिजला, बुरसला, परत आला, तो फेकायच्या आधी पोतं लाल दोऱ्यानं शिवून वेगळा ठेवायचे. चांगला माल पांढऱ्या दोऱ्यानं. कंपनीत झाडणारीला सुद्धा हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शेठना आणि बाहेरच्या माणसांना. ही पोती लाल दोऱ्याची होती. फोटोसाठी चांगला माल कशाला वाया घालवा, असा सेल्सवाल्या साहेबांनी विचार केला असणार. तसलं बुरसलेलं खाऊन गाभण मेंढ्या गाभडतात, मरतात. आणि सगळ्यांना तो दोरा दिसत होता. 'मी घाबरत नाही' अशा पाठी करून कुणी आभाळ बघत होता, कुणी बुटाची नाडी बांधत होता. शेठना तर वाटलं, खास आपल्यासाठी लाल रिबीन लावली आहे. खूश होऊन म्हणाले, "वा! तयारी चांगली केलीत."

हे दोऱ्याचं मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं, की कंपनीच्या लॅबमधली वैशाली नावाची पोरगी माझ्या पिंपातून पेलाभर पाणी घेऊन सरांपाशी गेली, काहीतरी पुटपुटली आणि मागं झाली. सरांचा चेहरा पिठासारखा झाला.

सर पुढं झाले. "शेठ, आधी जेवण करून घिऊ का? भाकरी गार व्हतील."

"फोटो झाला की."

"शेठ, उजेड जरा..."

"कोकरे, बाजूला व्हा."

शेठनी कात्री पुढं केली. आणि कोकरे सर त्या चळतीवर बसले. टाय-बिय लावलेला माणूस, हात पसरून, कोंबडी अंड्यांवर बसते तसा.

"उठा, कोकरे."

"उठवत न्हाई, शेठ."

"का?"

सरांनी टाय सैल केला. "पाय गेले, शेठ. इतकी मेंढरं बघून घाबरलो. भीतीनं पायच गेले."

असा हशा पिकला म्हणता! शेठच्या आवाजाला दचकणारी माणसं पोट धरून हसली. कुणीतरी म्हणालं, "सर, भीती बाहेर!" दोघांनी काखेत हात घालून उचलायला बघितलं, तर सरांनी अंग असं जड टाकलं की तेच घसरून पडले. आप्पा धावत आले. त्यांनी धाकट्या भावाकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं आणि शरमेनं हसून म्हणाले, "ल्हानपणापासनं आसाच हाय जी. कुत्रं दिसलं की मटकन खाली बसायचा. मेंढपाळाच्या पोटी जन्मून मेंढराला भ्यालास व्हय रं, निवृत्ती?"

सर म्हणाले, "व्हय, आप्पा."

ऊन चढलं, फोटोवाला कंटाळला. शेठनी कात्री फेकली. "धाडस शिकवायला ठेवलं होतं याला! उद्यापासून गेटच्या आत दिसायचा नाही." पोती परत न्यायची म्हटल्यावर सर घसरून खाली मातीत बसले, आणि पोती टेम्पोत गेली. टेम्पो वळणाआड दिसेनासा झाला, तसे सर उठले, पँट झटकली आणि माझी भांडी उचलायला लागले.

मी म्हटलं, "भाऊ, पाय आले?"

"आले की, ताई. जरा उशिरा आले."

खरं काय ते पुढं वैशालीनं सांगितलं. डबा न्यायला आली ती रडतच आली. सर समोर जेवत होते. ती म्हणाली, "सर, मी जाऊन शेठना सांगते. लाल दोऱ्याचं मी तुम्हाला सांगितलं म्हणून. तुमचं काम गेलं माझ्यामुळं."

सरांनी घास खाली ठेवला. "कंपनीबाहेरच्याला त्यो दोरा कुणी सांगितला, ह्येच शेठनी पयलं इचारलं असतं. म्हणून तर बसलो. तू किती दिवसाची हायेस तिथं? आजून कच्चीच ना?"

"हो."

"घरात तुझ्याच पगारावर चाललंय ना?"

"हो."

"मग आधी परमनंट व्हय. मग धाडस कर."

सगळ्या व्याख्यानांत हे वाक्य कुठंच नव्हतं.

वैशाली परमनंट झाली, पुढं दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेली. तिथं कुणी लाल दोरा डोळ्याआड केला तर ती काय करते, ते तिथल्या साहेबांना विचारा. तिनंच परवानगी दिली, म्हणून आज मी बोलते आहे. सरांना मात्र त्यानंतर कुणी बोलावलं नाही. रांजणगावात नाव पडलं, 'पाय गेलेले सर'. सर स्वतःही त्यावर हसायचे, सगळ्यांच्या आधी हसायचे.

आप्पा मागल्या साली गेले. जाईपर्यंत पाराशी, बाजारात, सोयऱ्यांत तीच गोष्ट सांगायचे, पोतं, टाय आणि पाय. सर शेजारी बसून मान डोलवायचे. मी एकदा चिडले. म्हटलं, "भाऊ, पोरगी केव्हाच ती कंपनी सोडून गेली. आता तरी भावाला सांगा, की त्याची मेंढरं तुम्ही राखलीत."

सरांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "ताई, इतकी वर्सं हसला त्यो मला. आता सांगितलं, तर त्या समद्या हसण्याचं त्याला वाईट वाटंल. म्हातारा माणूस. राहू द्या."

सर अजून येतात. दुपारची गर्दी ओसरली की टाय लावून येतात, फाईल बाजूला ठेवतात, जणू मधल्या सुट्टीत आले आहेत. कोपऱ्यातल्या टेबलाला बसतात आणि दारातून कोण येतं ते बघत राहतात.

तेव्हा आता जाताना घाईनं जाऊ नका, आणि परत यायला वर्ष लावू नका. लवकर या. आलात की पायांचं काही काढू नका. नुसतं विचारा, "सर, धाडस म्हणजे काय हो?" तासभर उठू देणार नाहीत. उठूही नका. जेवण मी वाढते.