एका सकाळपुरती बहीण

नथ्थूअप्पांनी अर्ध्या भाकरीवरच ताट बाजूला सारलं. स्कॉटलंडला शिकायला गेलेल्या पुतण्याचा, भूपेंद्रचा, मोबाईलवर निरोप आला होता. "अप्पा, इथल्या गावांत दोनशे वर्षांपूर्वी घरातल्या मोलकरणीवर कर होता. बिनलग्नाच्या माणसाला दुप्पट!"

अप्पा बिनलग्नाचे. साखर कारखान्यातून निवृत्त होऊन पुरुषोत्तमनगरात एकटेच राहत. बारा वर्षांपासून फुलवंताबाई कामाला होती. तिच्यावाचून अप्पांना घरातली साखर कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

"अप्पा, दोनशे वरीसनी गोट शे ती," फुलवंताबाई हसली.

पण शेजारच्या दोधूने मान हलवली. "रेल्वे बी पहिले तठेच व्हती. मंग आठे उनी. हाऊ कर बी रस्तामा व्हई."

आणि त्याच सकाळी गल्लीत रजिस्टर घेतलेला एक माणूस शिरला. प्रत्येक दारात एकच प्रश्न, "घरकामाला बाई आहे का?"

अप्पांना वाटलं, कर आलाच! त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. लेकी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके. अप्पांच्या अंगणातल्या निंबालाही शेजारच्या पोरींनी झोका बांधून ठेवला होता.

"फुलवंता, झाडू फेक! झोकावर बठ! तू मन्ही बहीण शे!"

"मी?"

"बठ वं माय, तुन्हा पाया पडस!"

फुलवंताबाई बसते न बसते तोच तो माणूस फाटकात आला. "या कोण?"

"बहीण. आखाजीले मायेर येल शे."

"मग घरातली भांडी कोण घासतं?"

"मी!" अप्पांनी काळीकुट्ट कढई पुढ्यात ओढली. ती थेट पायावरच आदळली.

"छान," माणूस म्हणाला. "घरकाम करणाऱ्या बायकांची नोंद चालली आहे. आजारपणात मदत मिळते, भांड्यांचा संच मिळतो. आज शेवटचा दिवस. तुमच्याकडे कोणी नाही म्हणजे."

तो निघून गेला. झोका थांबला. फुलवंताबाई अप्पांकडे नुसती बघत राहिली. बारा वर्षांत तिने असं कधी बघितलं नव्हतं. ही उद्या आलीच नाही तर? कराची भीती कुठल्या कुठे गेली आणि त्याहून मोठी भीती येऊन छातीवर बसली.

अप्पा अनवाणी धावले. "साहेब! ती मन्ही बहीण नही! कामवाली शे!"

गल्लीतले सगळे झोके थांबले.

"आखाजीना दिन बहीणले कामवाली सांगतस?" मघाशी फाटकातलं बोलणं ऐकलेली माहेरवाशीण कमलबाई कडाडली. "काही लाज शे का?"

"दोधू, तू तरी सांग रे!"

दोधूने रजिस्टरकडे पाहिलं. त्याच्याही घरात कामाला बाई होती आणि कर अजून त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. "माले काही माहीत नही," म्हणून त्याने दार लावून घेतलं.

शेवटी अप्पांनी भर रस्त्यात शपथ घेतली की आपल्याला बहीणच नाही. काजळीच्या हातांनी सही केली, पान काळं झालं, पण नाव लागलं.

ते धापा टाकत परतले. फुलवंताबाई झोक्यावरच होती.

"व्हयनी तुन्ही नोंद. आते ऊठ, कढई घास."

तिने पायाने जमिनीला रेटा दिला. "आखाजीले मायेर येल बहीण काम करस का?"

"अवं, तू बहीण नही, सर्वास्ले सांगी उनू मी!"

"ते तू त्यास्ले सांगं. माले सकाळे काय सांगं व्हतं?"

अप्पा कढईपुढे बसले.

"आन् भाऊ, चहा बी ठेव."

"साखर कोठे शे?" अप्पांनी भीतभीत विचारलं.

झोका निंबाच्या फांदीपर्यंत गेला. "भाऊना घरमातलं बहीणले काय माहीत?"