इंदूमावशीचं व्याज

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही गावाला. ऱ्हस्व-दीर्घ कुठे द्यायचं ते मला कळत नाही. वहीसुद्धा माझी नाही, माझ्या मुलीच्या, रूपाच्या कॉलेजची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. इंदूमावशीबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं आणि तिला माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

दिलेले पैसे परत घ्यायला टाळणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. हप्ता घेऊन मी तिच्या दारात उभी राहिले की आतून तिचाच आवाज यायचा, "मी घरात नाय."

"मावशी, बोलताय तर."

"मग न बोलता तुला कळणार कसा? पुढच्या रविवारी ये."

कांदिवलीच्या आमच्या चाळीत शेवटची खोली तिची. एकटीच राहते. मूळची मालवणकडची, लग्न केलं नाही. गोरेगावला जिथे सिनेमाची शूटिंगं होतात तिथे तीस वर्षं कामाला होती. तोंडाला रंग लावणारे वेगळे, ते मोठे लोक. हिचं काम शूटिंग संपल्यावर तो रंग काढायचं. खोबरेल तेल, गरम पाण्यात पिळलेलं जुन्या धोतराचं फडकं आणि तिची दोन बोटं. हिरॉइनी तिच्या वाट्याला कमीच आल्या. गर्दीत उभ्या राहणाऱ्या बायका जास्त. "एका दिवशी सात विधवा काढल्या," असं ती सहज सांगते, जसं दुसरं कुणी सात भाकऱ्या थापल्या म्हणून सांगेल. "आणि एक मेलेली. ती तर माझ्या हाताखाली घोरूक लागली."

पुढे रंग पुसायला ओल्या कागदांची पाकिटं आली. एका पाकिटात तीस बायका निघतात म्हणे. मावशीला घरी बसवलं.

पण बोटांना ते कुणी कळवलं नाही. नळावर, जिन्यात, वाण्याकडे, समोर दिसेल त्या बाईची हनुवटी धरून ती तोंड उजेडाकडे वळवते. चाळीतल्या बायका तिला बघून पदर ओढून घेतात. नव्या सुनांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, शेवटच्या खोलीतली म्हातारी तोंड धरते, घाबरू नका. साबणाचं तर तिच्यापुढे नाव काढायचं नाही. "साबण भांड्याक. पाण्यानं धूळ जाते गो, दिवस तेलानंच जातो."

मी कुणाशी फार बोलत नाही. चार घरी पोळी-भाजी करते आणि घरी येते. नवरा वारल्यापासून दोन्ही गालांवर काळे वांग उठले, त्यामुळे मान खाली घालून चालायची सवयच लागली. एकदा नळावर मावशीने माझीही हनुवटी धरली. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "वांग ऱ्हवांदे. ही पैशाची काळजी आसा. कपाळात बसलीय."

खरंच होतं. रूपाला रक्त तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं आणि बारा हजार कमी पडत होते. चारही घरी मागायला माझी जीभ उचलली नव्हती. मावशीने न मागता आणून दिले, पिशवीत गुंडाळून. महिन्याला पाचशे परत करायचे.

"व्याज किती?" मी विचारलं.

"व्याज म्हणून तोंड दे. हप्त्याला येशील तेव्हा बसायचा."

"तेवढ्यासाठी कशाला? मी अशीच येऊन बसते."

"फुकट मी कोणाच्या तोंडाक हात लावत नाय," ती रागावली. "तीस वर्षां पगार घेऊन लावलंय. शेजारधर्म नाय तो."

पहिल्या महिन्यात मी लाजेने मेले. तिने मला खिडकीजवळ पाटावर बसवलं आणि डोळे मिटायला सांगितलं. तोंड कोरडं पाहिजे, हात कोरडे पाहिजेत, थेंबभर पाणी चालत नाही. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवलेली. हनुवटीपासून वर, नाकाच्या कडेने, मग कपाळ, अगदी शेवटी पापण्या. वांगावरून तिची बोटं अशी गेली की तिथे काही नाहीच. मग गरम फडकं सबंध चेहऱ्यावर ठेवून ती गप्प राहते. त्या गरम काळोखात मला माझी आई आठवली. माझ्या तोंडाला एवढ्या वर्षांत कुणाचा हात लागलाच नव्हता.

फडकं काढलं की ते माझ्यापुढे धरायची. "बघ. हो तुझो आजचो दिवस." त्यावर तव्याचा धूर, रस्त्याची धूळ, सगळं काळपट उतरलेलं. फडकं बघून ती घरंसुद्धा ओळखायची. "आज मेथी फोडणीक घातलंस. आणि दुसऱ्या घरातली बाय तुका टाकून बोलली."

"ते फडक्यावर कसं दिसेल, मावशी?"

"फडक्यावर नाय. भुवई घट्ट आसा."

रविवार दुपारची ही अर्धी घटका, महिन्यातून एकदा. दीड वर्ष आणि वर एक महिना नीट चाललं. मग शेवटचे अडीच हजार राहिले आणि मावशी घरात नसायला लागली. कधी अमावस्या म्हणून पैसे घ्यायची नाही. कधी सुट्टे नाहीत म्हणायची, मी मोजून पाचशे नेले असताना. पैसे घ्यायची नाही, पण वाटी मात्र गरम असायची आणि मला बसवून घ्यायची, कारण अजून देणं बाकी होतं.

मी शिकलेली नाही, पण एवढं मला समजलं. पैसे फिटले की माझं जाणं संपणार. फुकट हात लावणं तिच्यात बसत नाही, आणि कामाशिवाय कुणाच्या दारात जाणं माझ्यात बसत नाही. मग एका रविवारी मी पाचशेऐवजी शंभर नेले.

"यंदा ओढाताण आहे, मावशी," मी म्हटलं. ओढाताण काही नव्हती.

तिने शंभराची नोट उजेडात धरून पाहिली. "असूंदे. थोडे थोडे बरे," म्हणाली. त्या दिवशी तिने कपाळ दोनदा केलं. पुढे कधी शंभर, कधी पन्नास. तिने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. असं वर्ष गेलं, वर आणखी थोडं.

रूपाला नोकरी लागली. तिसऱ्या पगाराला तिने विचारलं, "आई, त्या मावशीचे किती राहिले?"

"सोळाशे."

"अजून? मी कॉलेजला जाताना घेतलेले ना? तू देतेस काय तिला, चिल्लर? लोक काय म्हणतील, पोरगी कमावते आणि म्हातारीचे पैसे बुडवले."

काय सांगणार होते? की मला तिथे डोळे मिटून बसायला बरं वाटतं? पोळीवर तेल लावत राहिले.

पुढच्या रविवारी एका घरी पाहुणे होते, मला जास्त पोळ्या कराव्या लागल्या. वाटेत सारखं मनात होतं, मावशी वाट बघत असेल. घाईने घरी आले तर रूपा ड्यूटीवर निघायच्या तयारीत, पिशवी खांद्याला.

"आई, मावशीचं काम झालं. एकरकमी देऊन आले."

"घेतले तिने?"

"आधी आतून म्हणते, मी घरात नाय. काय नमुना आहे ना. मी दार ढकललं आणि हातातच ठेवले. दोनदा मोजले तिने. मग मला म्हणाली, बस, वाटी गरम केलेली आसा."

"मग बसलीस?"

"काय गं आई, तोंडाला तेल फासून लॅबमध्ये जाऊ?" तिने चपला घातल्या. "तुला निरोप दिलाय."

"काय?"

"पैसे पोचले म्हणून. सगळे."